मोंत्रोज २००३: होरपळलेल्या वर्षाची एक पेटी

वस्तू अशी: लाल वाइनच्या बारा बाटल्यांची लाकडी पेटी, शातो (म्हणजे वाइनचा मळा) मोंत्रोज, गाव साँत-एस्तेफ, फ्रान्सचा बोर्दो प्रदेश, साल २००३. मी ती नवी असताना घेतली नव्हती. ही वाइन आधी भरपूर गाजली, मग चर्चेतून उतरली. पुढे लंडनचे व्यापारीच '२००३ ना? उन्हाळ्याचं साल, जरा जपून' असं म्हणायला लागले, तेव्हा मी त्यांच्यातल्याच एकाकडून बॉण्डेड गोदामात, म्हणजे कर न भरता माल ठेवतात तिथे, पडून असलेली एक पेटी उचलली. तेव्हापासून अधूनमधून एकेक बाटली उघडते आहे. निकाल आधीच सांगून टाकते. पिण्यासाठी दहापैकी नऊ. गुंतवणूक म्हणून पाच, आणि तेही भाव पडलेला असताना घेतली म्हणून. पहिल्या दिवसाच्या भावाने घेतली असती तर तीनच्या वर गेले नसते.

इंग्लंडमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे 'वाइनमध्ये पैसे दुप्पट' म्हणणाऱ्या माणसाकडे मी आधी पावत्या मागते. पण २००३ हे साल नुसत्या हिशेबाने कळत नाही. ते कळायला त्या ऑगस्टकडे जावं लागतं.

युरोपातला तो ऑगस्ट अनेकांना आठवत असेल. एकट्या फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे पंधरा हजार माणसं गेली. बोर्दोत पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि रात्रीसुद्धा गारवा नव्हता. द्राक्षवेलीचं असं असतं की ऊन पस्तिशीपलीकडे गेलं की ती पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेते. त्याने पाणी वाचतं, पण नवी साखर बनवण्याचं कामही थांबतं. मणी मात्र सुकत राहतो, आकसतो, आणि आत असलेली साखर दाट होत जाते. आम्ल उलट उडत जातं, त्यातही मॅलिक आम्ल, कारण गरम रात्री वेल तेच जाळून श्वास घेते. म्हणजे साखर मोजायला गेलं तर घड तयार दिसतो आणि दाताखाली बी फोडून बघितली तर ती हिरवी, कच्ची, तोंड आवळून टाकणारी. गोडी पिकलेली, तुरटपणा कोवळा, आंबटपणा गायब. उन्हाळ्याच्या सालाची सगळी भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

भर म्हणून एक दुर्दैव. थंड सालांत घडाला ऊन मिळावं म्हणून उन्हाळ्यात घडाभोवतीची पानं काढायची तिथली रीत. जुलैत ज्यांनी नेमाने ती विरळणी केली, त्यांचे घड ऑगस्टमध्ये उघड्यावर भाजले. आळस केलेल्यांची पानं शिल्लक राहिली आणि सावलीने त्यांचं पीक वाचवलं. मेहनतीची शिक्षा झाल्याची अशी उदाहरणं शेतीत बरीच सापडतात.

आता मोंत्रोजच का, तर जमिनीमुळे. साँत-एस्तेफ हा बोर्दोतल्या मेदोक पट्ट्याचा उत्तरेकडचा भाग. वरती खडी आहे, पण खाली चिकणमाती बरीच. एरवी याच मातीमुळे इथल्या वाइनना 'रांगड्या', 'थंड', 'लवकर न उघडणाऱ्या' अशी विशेषणं मिळायची. २००३ मध्ये त्याच चिकणमातीने तळाशी पाणी धरून ठेवलं. त्यात मोंत्रोजची बाग जिरोंद खाडीच्या अगदी अंगावर आहे. एवढं मोठं पाणी शेजारी असलं की उष्णतेची धार थोडी बोथट होते. शिवाय मेदोकमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात जास्त, आणि ती उशिरा पिकते. ऑगस्टच्या भट्टीत ती अजून अर्धवट होती, पुरी पिकली सप्टेंबरमध्ये. मेर्लो ही दुसरी जात लवकर पिकणारी, ती ऐन लाटेत सापडली. म्हणून बोर्दोतल्याच पोमरॉल गावात जिथे मेर्लो हलक्या खडीवर किंवा वाळूवर होती तिथे पीक होरपळलं, आणि त्याच गावात चिकणमातीवर बसलेले बरेच तगले. एकाच वर्षात, एकाच प्रदेशात, काही किलोमीटरांच्या अंतरावर इतका फरक. तरीही बाजारात '२००३ चांगलं' किंवा '२००३ वाईट' असं सरसकट बोललं जातं, तेव्हा मला हसू येतं. उन्हाळ्याच्या सालात वर्ष विकत घ्यायचं नसतं, जमीन घ्यायची असते. माझं या पेटीबद्दलचं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकीचा तपशील.

त्या वर्षी युरोपीय संघाने खास सवलत देऊन एरवी जिथे परवानगी नसते तिथेही वाइनमध्ये आम्ल घालायला मोकळीक दिली होती. काहींनी घातलं, काहींनी नाही. वरून घातलेलं टार्टारिक आम्ल वाइनमध्ये नीट मुरलं नाही तर वीस वर्षांनंतरही जिभेच्या कडेला वेगळं उभं राहतं. मोंत्रोजमध्ये मला तसं काही जाणवलं नाही.

आता बाटलीकडे. माझ्या पेटीतल्या बाटल्यांत वाइनची पातळी मानेच्या तळापर्यंत होती. या वयाला हे उत्तम. बूच लांब, खालचा भाग गडद भिजलेला, पण वरपर्यंत ओल चढलेली नाही. ग्लासात मधला भाग अजून जवळजवळ काळा, कडेला विटेचा रंग. वास घेतला की आधी सुकलेलं काळं फळ येतं, आलुबुखाऱ्याच्या अंगाचं. पाच मिनिटं थांबलं की तंबाखूची पानं, जुनं चामडं, सीडरचं लाकूड, आणि मागून लोखंडासारखा एक थंड वास. शेवटची ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती साँत-एस्तेफची ओळख आहे आणि इतक्या उन्हातही मेलेली नाही. तोंडात घेतल्यावर भरघोस, रुंद, जवळजवळ गोडसर. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर आहे पण त्याची टोकं झिजली आहेत. मधोमध एक ऊब जाणवते, ती त्या उन्हाळ्याची. आंबटपणा कमी आहे हे लपत नाही, दुसऱ्या ग्लासानंतर 'थोडा ताजेपणा असता तर' असं मनात येतं. माझा कापलेला एक गुण याचाच.

उणीव आणखी एक. पेटीतल्या सगळ्या बाटल्या सारख्या नाहीत. एकीत फळ पुढे होतं, दुसरीत चामडं आणि तबेल्याचा वास वरचढ. कारण रसायनशास्त्रात आहे. आम्ल कमी म्हणजे पीएच जास्त. पीएच जास्त असला की वाइनमध्ये राखण म्हणून घातलेल्या सल्फरचा जोर कमी पडतो, आणि ब्रेट नावाच्या यीस्टला मोकळं रान मिळतं. तबेल्याचा वास त्याचाच. थोडा असला तर मला चालतो. ज्यांना चालत नाही त्यांनी उष्ण सालांच्या जुन्या बाटल्यांत पैसे घालू नयेत, सरळ २००५ कडे जावं.

तुलनेसाठी त्याच सालच्या इतर बाटल्याही चाखल्या. शेजारचं कोस देस्तूर्नेल जास्त मसालेदार, जास्त नटलेलं. छान आहे, पण पहिल्या ग्लासातच सगळं सांगून मोकळं होतं. बोर्दोतल्याच साँ-एमिलियों गावची एक नावाजलेली बाटली, नाव घेत नाही, उघडली तर चुलीवर विसरलेला मुरांबा. तळाशी लागलेली गोडी, वर मद्याची जळजळ आणि शेवटी कोरडं लाकूड. माझ्या नवऱ्याने एक घोट घेतला, ग्लास सरकवून ठेवला आणि म्हणाला, "ही स्वयंपाकात पण नको घालूस." त्याचं वाइनबद्दलचं मत मी एरवी फारसं धरत नाही, तेव्हा धरलं.

या सालावरून वाइनच्या जगात झालेलं मोठं भांडणही साँ-एमिलियोंच्याच एका बाटलीवरून झालं, ती म्हणजे शातो पाव्ही. २००४ च्या वसंतात, वाइन अजून पिंपात असताना, अमेरिकेचा वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर याने तिला शंभराच्या जवळ नेऊन बसवलं आणि ब्रिटनची समीक्षक जान्सिस रॉबिन्सन हिने वीसपैकी बारा गुण दिले. तिचं म्हणणं असं की ही बोर्दोची वाइनच वाटत नाही, उशिरा तोडलेल्या झिनफांडेल द्राक्षांच्या वाइनची आठवण होते. दोघंही कसलेले, दोघांच्या ग्लासात एकच वाइन. यातला खरा कोण हा प्रश्न मला कधी महत्त्वाचा वाटला नाही. मला त्यातून गुंतवणूकदारासाठीची गोष्ट दिसते. उष्ण सालात जाणकारांमध्ये दरी जास्त पडते, आणि सुरुवातीचा भाव मोठ्या गुणांवर ठरतो. म्हणजे तुम्ही दरीच्या वरच्या काठावर उभे राहून पैसे मोजता.

मोंत्रोजलाही पार्करने नव्वदीच्या वरच्या टोकाचे गुण दिले होते. इथे मी त्याच्या बाजूची आहे. बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीत असलेली ही जागा २००६ मध्ये बुईग बंधूंनी घेतली आणि तिच्यावर बराच पैसा ओतला. २००३ त्याआधीची, शार्मोल्यू कुटुंबाच्या हातची. आताच्या मोंत्रोजपेक्षा तिच्यात चकचकीतपणा कमी आणि मातीचा खडबडीतपणा जास्त आहे. मला तोच हवा होता.

'आम्ल नाही म्हणजे टिकणार नाही' हे उन्हाळ्याच्या सालांबद्दल नेहमी ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. १९४७ चा उन्हाळाही असाच भाजणारा होता. त्या सालच्या शव्हाल ब्लां या बोर्दोच्याच वाइनमध्ये मद्य चौदा टक्क्यांच्या वर, थोडी साखर आंबायची राहून गेलेली, आणि उडतं (व्हिनेगरच्या वासाचं) आम्ल इतकं की आजच्या प्रयोगशाळेने ती दोषी ठरवली असती. तीच वाइन विसाव्या शतकातल्या थोर वाइनमध्ये गणली जाते. २०१० मध्ये जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात तिची सहा लिटरची एक बाटली तीन लाख डॉलरांवर गेली. १९५९ लाही आम्ल कमी म्हणून नाकं मुरडली गेली होती, ते साल पुढे कित्येक दशकं टिकलं. त्याहून जुनं उदाहरण हवं तर १५४० च्या दुष्काळी सालची जर्मनीतल्या वुर्झबुर्गची एक वाइन. ती १९६१ मध्ये लंडनमध्ये उघडली तेव्हा वाइनवर लिहिणारा ह्यू जॉन्सन हजर होता आणि काही मिनिटं तरी ती जिवंत होती. ती पांढरी होती, म्हणून इथे पुरावा म्हणून चालणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. लाल वाइनला टॅनिन, रंगद्रव्यं आणि एकूण घनता हेही टिकवून धरतात. जिथे ते नाहीत आणि नुसती साखर पिकली होती, तिथे २००३ केव्हाच संपलं. बोर्दोच्या खालच्या पायरीवरची २००३ कोणी आज स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, ती व्हिनेगरच्या वाटेवर असेल.

आता पैशांचं.

माझे दीर लंडनजवळच राहतात. पेटी घेतली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, यात दर वर्षाला किती टक्के सुटतात?" म्हटलं, "भाऊजी, पाटी बघून सांगू की पावती बघून?" दोन्हीत किती फरक पडतो ते त्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा हजार पौंडांची पेटी घेतली आणि दहा वर्षांनी ती चौदाशेला गेली. पाटीवर चाळीस टक्के नफा. आता गोदामाचं भाडं विम्यासकट वर्षाला पंधरा पौंड धरा, दहा वर्षांचे दीडशे. विकताना दलाली दहा टक्के, म्हणजे एकशे चाळीस. हातात राहिले अकराशे दहा. दहा वर्षांत एकशे दहा पौंड, म्हणजे वर्षाला जेमतेम एक टक्का. भाऊजी म्हणाले, "यापेक्षा पैसे बँकेत ठेवले असते तर?" मी म्हटलं, "बँकेतले पैसे जेवणाबरोबर उघडता येत नाहीत." पण त्यांचा मुद्दा खराच होता.

शिवाय व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात जो आकडा दिसतो तो बऱ्याचदा विकणाऱ्याने मागितलेला भाव असतो, घेणाऱ्याने देऊ केलेला नव्हे. मी एका ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या पेटीची किंमत महिनोन्‌महिने वर चढत होती आणि त्या भावाला गिऱ्हाईक एकही नव्हतं. शेअरबाजारात अशी किंमत कोणी ताळेबंदात धरली असती तर मी सही केली नसती. वाइन घेताना दोन आकडे विचारा: आज कोणी किती देऊ करतंय, आणि शेवटचा प्रत्यक्ष सौदा कितीला व कधी झाला. दुसरा आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.

बोर्दोत वाइन पिंपात असतानाच विकायची पद्धत आहे, तिला आँ प्रिमर म्हणतात. पैसे आज द्या, बाटली दोनेक वर्षांनी. पूर्वी यात घेणाऱ्याला धोक्याच्या बदल्यात स्वस्ताई मिळायची. आता धोका तुमचा आणि फायदा मालकाचा असं झालंय. शातो लातूर २०१२ मध्ये या पद्धतीतून बाहेर पडलं आणि वाइन तयार झाली की स्वतःच्या तळघरातून काढायला लागलं. २००९ आणि २०१० ही दोन गाजलेली सालं वरच्या भावाने निघाली. पुढच्याच काळात, २०११ च्या मध्यावर चिनी मागणीवर फुगलेला बाजार बसला, आणि त्या सालांच्या बऱ्याच वरच्या वाइन पुढे वर्षानुवर्षं पहिल्या दिवसाच्या भावाखाली फिरत होत्या. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइनच्या सौदेबाजारावर हा चढउतार कोणालाही बघता येतो. २०२२ मध्ये बाजार परत शिखरावर गेला आणि तिथूनही घसरला.

२०२२ चा विषय निघालाच आहे तर तेही उन्हाळ्याचंच साल. जूनपासून लाटांवर लाटा आल्या. जुलैत बोर्दोच्या दक्षिणेला लांदिरासची जंगलं जळत होती. पण वाइन २००३ सारखी झाली नाही. एक तर उष्णता हंगामाच्या सुरुवातीपासून होती, त्यामुळे वेलींनी आधीच आवरतं घेतलं, मणी लहान ठेवला. आणि वीस वर्षांत माणसंही शिकली होती. पानं ठेवली, ओळींमध्ये गवत वाढू दिलं, वाइन करताना सालीतून सगळं पिळून काढायचा सोस सोडला. ज्या थोड्या २०२२ मी चाखल्या त्यांत खोली आणि ताजेपणा दोन्ही होतं, हे मला अपेक्षित नव्हतं. वाइन म्हणून मी २०२२ ला २००३ च्या वर ठेवीन. गुंतवणूक म्हणून मात्र २०२३ च्या वसंतात ज्यांनी ती वाढीव भावाने उचलली त्यांची मला काळजी वाटते. भाव आधीच्या सालाच्या मानाने चढवून ठेवले गेले, मग बाजार खाली आला. पुढचं साल विकायला निघालं तेव्हा लाफीतसारख्या नामांकित शातोलासुद्धा भाव जवळपास एक तृतीयांशाने उतरवावा लागला. घाई नसेल तर थांबा. २००३ चं झालं तेच २०२२ चंही होईल असा माझा अंदाज आहे, म्हणजे गाजावाजा ओसरेल आणि चांगल्या जमिनीची पेटी शांतपणे मिळेल.

अशी सालं आता दुर्मिळ राहिलेली नाहीत, त्याचाही भावाशी संबंध आहे. बर्गंडीतल्या बोनमध्ये १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा संशोधकांनी जुळवल्या आहेत. १९८७ पर्यंत सरासरी तारीख २८ सप्टेंबर होती आणि १९८८ नंतर ती तेरा दिवसांनी अलीकडे सरकली. बोर्दोत २०२१ पासून साध्या बोर्दो नावाखाली तुरिगा नासिओनाल आणि मार्सेलानसारख्या ऊन सोसणाऱ्या जाती थोड्या प्रमाणात मिसळायला मान्यता मिळाली आहे. १९४७ चं मोल तसा उन्हाळा क्वचित यायचा म्हणूनही होतं. आता दर दोन-चार वर्षांनी येतो. 'उष्ण साल' या एकाच कारणासाठी कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते कारण आता जुनं झालं.

करांची एक गंमत, माझ्या धंद्यातली. ब्रिटनमध्ये ज्या वस्तूचं आयुष्य पन्नास वर्षांपेक्षा कमी असण्याचा अंदाज असतो, तिच्यावरच्या नफ्याला भांडवली नफ्याचा कर साधारणपणे लागत नाही. वाइन बहुतेकदा यात बसते. पण 'ही शंभर वर्षं टिकेल' असं कोणी समीक्षक लिहून गेला की कर खात्याला विचारायला जागा मिळते, आणि 'ही लवकर संपवा' असं लिहिलं की भाव पडतो. विकणाऱ्याला दोन्हीकडून चिमटा. उन्हाळ्याची लाल वाइन या बाबतीत सोयीची, कारण ती फार टिकणार नाही असं म्हणायला कोणी ना कोणी नेहमी तयार असतो.

दुसरी गंमत महागाची आहे. बॉण्डमध्ये पेटी असेपर्यंत अबकारी कर आणि २० टक्के व्हॅट थांबलेले असतात, बाहेर काढली की दोन्ही भरायचे. पूर्वी ११.५ ते १४.५ टक्क्यांच्या वाइनवर एकच दर होता, बाटलीला २.६७ पौंड. १ फेब्रुवारी २०२५ पासून कर प्रत्यक्ष मद्याच्या प्रमाणावर लागतो. तेव्हाच्या दराने १३ टक्क्यांच्या बाटलीला २.८८ पौंड आणि साडेचौदाच्या बाटलीला ३.२१. म्हणजे सूर्याने भरलेल्या साखरेवर आता सरकारचाही हिस्सा. उंची वाइनच्या किमतीत हे चिल्लर आहे, रोजच्या बाटलीत नाही.

साठवणीबद्दल मात्र मी चिंगूसपणा करत नाही. माझी पेटी गोदामात साधारण तेरा अंशांवर, दमट हवेत आणि अंधारात होती, आणि पहिल्या खरेदीपासून बॉण्डबाहेर गेलीच नव्हती. हे कागद पाहिल्याशिवाय मी पैसे दिले नसते. उष्ण सालात हे जास्त गरजेचं, कारण कमी आम्लाच्या वाइनकडे वाईट साठवणीशी झुंजायला फारसं बळ नसतं. कोणाच्या घरच्या जिन्याखाली वीस वर्षं पडलेली २००३ कितीही स्वस्त असली तरी मी नाही म्हणेन. विल्टशरमध्ये कॉर्शमला जुन्या दगडखाणीत जमिनीखाली वाइनची तळघरं आहेत, तिथून आलेली पेटी दिसली तर मला बरं वाटतं. घेण्यापूर्वी गोदामाकडून बाटल्यांचे फोटो मागवा. पातळी, आवरण, बुचाजवळ ओघळ आहे का, लाकडी पेटीच्या खिळ्यांची स्थिती, सगळं बघा. फोटोला पैसे पडतात, पडू देत.

आणि एक गोष्ट विकायचा विचार असलेल्यांनी आधीच ठरवावी. पेटी एकदा कर भरून घरी आणली की ती परत बॉण्डमध्ये जात नाही, आणि फोडलेल्या पेटीला अखंड पेटीचा भाव येत नाही. मी माझी आणली, झाकण उचकटलं, त्याच क्षणी ती गुंतवणूक राहिली नाही. वर दिलेले पाच गुण मी ती तशीच ठेवली असती तर, या हिशेबाने आहेत. भाव उतरलेला असताना घेतली होती, त्यामुळे थोडा नफा नक्की सुटला असता, पण त्या नफ्यात अशी दुसरी पेटी आली नसती.

कोणी घ्यावी? मेदोकच्या उत्तरेकडची, चिकणमातीवरची, कागद स्वच्छ असलेली २००३ ज्याला पुढच्या दहा-एक वर्षांत प्यायची आहे त्याने. 'मुलीच्या लग्नाला उघडू' म्हणून तान्ह्या मुलीसाठी घेऊन ठेवणाऱ्याने नाही. त्याने २००५ किंवा २०१६ बघावं. उघडताना बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ बराच आहे. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचपात्रात, तासभर पुरे, त्याहून जास्त ठेवली की फळ विरतं आणि नुसतं चामडं उरतं. आणि ती थोडी गारच वाढा, सोळा अंशांच्या आसपास. खोलीच्या उबेत तिच्यातलं मद्य वर येतं आणि त्या ऑगस्टचं ऊन नको तितकं जाणवायला लागतं.